संपृक्त म्हणजे कशानं भरलेलं?

20 अंश तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते. त्यानंतरचा चमचा तळाशी बसतो तो बसतोच, कितीही ढवळा. द्रावण संपृक्त झालं. तेच पाणी उकळतं असेल तर 480 ग्रॅमपर्यंत साखर निमूट रिचवतं. मीठ मात्र हेकट. 20 अंशाला 36 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात जेमतेम 39. म्हणून मिठागरात पाणी आटवावंच लागतं, तापवून गार केल्यानं मीठ हाती लागत नाही.

एकतारी पाक गार होतो तेव्हा त्यात मावायला हवी त्याहून जास्त साखर अडकून राहिलेली असते. हा अतिसंपृक्त पाक निमित्तावर टेकलेला असतो. पातेल्याच्या कडेला चिकटलेला एखादा कण, उगाच फिरवलेला चमचा, की झाला पाक साखरायला सुरुवात. लिंबाचे चार थेंब पिळतात ते यासाठीच. आंबटानं थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि ही भेसळ स्फटिकाची रांग जुळू देत नाही.

साखर कारखान्यात नेमकं उलट हवं असतं. व्हॅक्यूम पॅन म्हणजे हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यातल्या घट्ट रसात बारीक साखरेचं बी सोडतात आणि त्या दाण्यांवर साखर चढवत नेतात. पॅन सांभाळणाऱ्याचं सगळं कसब एवढ्यात असतं की जुना दाणा वाढावा, पण नवा जन्मू नये. अतिसंपृक्तता हाताबाहेर गेली की नको असलेला भुगा दाणा सुटतो. मग सेंट्रिफ्यूगलमध्ये, म्हणजे मळी वेगळी काढणाऱ्या गरगर फिरणाऱ्या जाळीच्या यंत्रात, त्यातला काही जाळीतून मळीबरोबर निसटतो आणि उरलेला मळीची वाट अडवतो.

डॉक्टर ‘संपृक्त चरबी कमी खा’ म्हणतात तेव्हा या विरघळण्याशी काहीच संबंध नसतो. तिथे कार्बनच्या साखळीला जमेल तितका हायड्रोजन चिकटलेला असतो, दुहेरी बंध उरलेला नसतो. अशा सरळ साखळ्या एकमेकींना बिलगून बसतात, म्हणून खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली थिजतं. पाक तापवला की तो संपृक्त राहत नाही. खोबरेल वितळलं तरी तितकंच संपृक्त राहतं. वनस्पती तुपाची गंमत निराळीच. तेलात निकेलच्या साक्षीनं हायड्रोजन सोडून ते काम अर्धवट थांबवलं तर ट्रान्स मेद, म्हणजे हृदयाला घातक चरबी, तयार होतो, पुरतं संपृक्त केलं तर तो उरत नाही.

शेतकऱ्याला संपृक्त जमीन सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मातीच्या कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. सोयाबीन, कपाशी दोन-तीन दिवसांत पिवळी पडू लागते, आणि त्यावर युरिया फेकणं म्हणजे बुडत्याला जेवण वाढणं. आधी चर काढून पाणी वाहतं करायचं. जास्तीचं पाणी निचरून हवेला जागा झाली की वाफसा येतो. वीतभर खालची माती मुठीत दाबायची. हाताला चिकटली तर थांबायचं. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर कोळपं घालायला हरकत नाही. भारी काळ्या जमिनीत ही वाट जास्त पाहावी लागते, आणि घाई केली तर ढेकळं निघतात.

फोनमधल्या फोटोतलं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची संपृक्तता, ही रंगात राखाडीची भेसळ किती कमी, एवढंच. फार वाढवलं की लाल लुगड्याची घडी दिसेनाशी होते. ट्रान्सफॉर्मरचा गाभाही असाच भरतो. लोखंडात ठरावीक चुंबकत्व मावतं, त्यापुढे प्रवाह भसाभस वाढतो, गाभा गुणगुणतो आणि तापतो. अमेरिकेतून आणलेलं फक्त 60 हर्ट्झचं (विजेची सेकंदाला 60 आवर्तनं) यंत्र इथल्या 50 हर्ट्झवर गरम होतं ते बहुधा यामुळे. व्होल्टेज बरोबर असलं तरी प्रत्येक आवर्तनात गाभ्यावर पाचवा हिस्सा जास्त भार पडतो.

सगळ्यात फसवा आकडा बोटावरच्या ऑक्सिमीटरचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या संपृक्ततेचा. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनच्या चार रेणूंची सोय असते. 98 टक्के म्हणजे त्या जागांपैकी 98 टक्के भरलेल्या. पण मुळात हिमोग्लोबिन किती, ते हा आकडा सांगत नाही. रक्तक्षयाच्या रुग्णालाही 98 दिसू शकतो आणि तरी शरीराला ऑक्सिजन कमीच पोचत असतो. यंत्र लाल आणि अवरक्त असे दोनच प्रकाश बोटातून पाठवतं; गडद नेलपॉलिश ते प्रकाश अडवतं आणि गारठलेल्या बोटात रक्त कमी फिरतं, म्हणून दोन्ही त्याला चकवतात. त्याहून घातक कार्बन मोनॉक्साइड. तो ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि साध्या यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू आहे, डोकं ठणकतंय, मळमळतंय आणि बोटावर 99 दिसतंय, अशा वेळी आकडा बाजूला ठेवायचा. गिझर बंद, दार-खिडक्या सताड, माणूस मोकळ्या हवेत आणि तिथून थेट रुग्णालयात. तिथे रक्ताची को-ऑक्सिमीटरवर तपासणी झाली की जागा नेमक्या कुणी अडवल्यात ते कळतं.