कोच नेमतानाच निरोपाचा कागद लिहून ठेवा

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजांत फुटबॉल कोचची शोधाशोध सुरू होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलेली असते. फिजिकल डायरेक्टर सर ओळखीच्या दोघातिघांना फोन लावतात, त्यातला एकजण 'येतो की' म्हणतो आणि नेमणूक झाली. कागद नाही, मुदत नाही, मानधनाचं 'नंतर बघू'. संघ पहिल्या फेरीत हरला की पुढच्या जूनमध्ये त्याला फोन जात नाही. काढणंही तसंच, न बोलता. यात कोचचा अपमान होतो आणि सगळ्यात जास्त भोगतात ती पोरं. दर पावसाळ्यात नवा माणूस, नवी पद्धत, पुन्हा श्रीगणेशा.

कॉलेजचा कोच नेमण्या-काढण्याचा व्यवहार अगदी उघड्यावर चालतो तो अमेरिकेत. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळतात तो खेळ. पैसाही आपल्या कल्पनेपलीकडचा. तरी तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या मुख्य कोचचे करार लोकांना वाचायला मिळतात, आणि त्या करारांतल्या चुका आपल्या दोन पानी कागदालाही तशाच लागू पडतात.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं डिसेंबर २०१७ मध्ये जिम्बो फिशर यांना मुख्य कोच म्हणून १० वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरवर आणलं. सगळी रक्कम हमीची, म्हणजे मध्येच काढलं तरी द्यायचीच. २०२० चा मोसम चांगला गेला, ९ विजय आणि एकच पराभव, म्हणून २०२१ मध्ये करार २०३१ पर्यंत वाढवला, तोही हमीनंच. ११ नोव्हेंबर २०२३ च्या शनिवारी त्यांच्या संघानं मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं हरवलं आणि रविवारी फिशर यांना काढलं. देणं निघालं ७.६ कोटी डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या भावानं सव्वासहाशे कोटी रुपयांच्या आसपास. त्यातला पाव हिस्सा ६० दिवसांत, उरलेला २०३१ पर्यंत दरवर्षी. दुसरीकडे काम मिळालं तर तिथला पगार यातून वजा होईल, असं एक वाक्य करारात असतं तर हा आकडा पुढे कमी होऊ शकला असता. ते वाक्य नव्हतं.

पेन स्टेट विद्यापीठानं ते लिहिलं होतं. जानेवारी २०१४ पासून तिथे मुख्य कोच असलेल्या जेम्स फ्रँकलिन यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये, ओळीनं तीन पराभवांनंतर, काढलं तेव्हा देणं सुमारे ४.९ कोटी डॉलर होतं. पण नवं काम शोधणं कोचवर बंधनकारक होतं. नोव्हेंबरमध्ये ते व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेले आणि हिशेब ९० लाख डॉलरवर मिटला. कोचची लायकी तीच, खेळ तोच. फरक पडला तो आधी लिहिलेल्या ओळींनी.

आता आपल्याकडचं बोलू. पहिलं काम कागद तपासण्याचं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची उतरंड डी, सी अशी सुरू होते आणि पुढे आशियाई महासंघाचे बी, ए, प्रो. दुसरी वाट पतियाळाच्या एनआयएसची, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेची. तिथला डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा. 'एनआयएस कोच' एवढंच सांगणाऱ्याला दोन्हींपैकी कुठला, हे विचारायचं. माझ्या मते कॉलेजच्या संघाला सी परवाना पुरेसा आहे. डी असलेला पण रोज येणारा माणूस, बी असलेल्या पण दोन संघ सांभाळणाऱ्या माणसापेक्षा बरा. मूळ प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहायचं आणि आधीच्या दोन कॉलेजांना फोन करायचा. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नोटर डेमसारख्या विद्यापीठानं जॉर्ज ओलिअरी यांना मुख्य कोच नेमलं आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण माहितीपत्रकातली पदव्युत्तर पदवी आणि कॉलेजात खेळल्याची नोंद, दोन्ही खोटं निघालं. आधी दोन फोन केले असते तर हे नेमणुकीपूर्वीच कळलं असतं.

कागदानंतर मैदान. मुलाखत खोलीत घेऊन काही कळत नाही. उमेदवाराला २२ पोरं, १२ चेंडू, १६ कोन (खुणेसाठी ठेवायचे शंकू) आणि दोन रंगांचे बिब (जर्सीवरून घालायच्या बंड्या) द्या आणि ९० मिनिटं सराव घ्यायला सांगा, तोही पाऊस पडून गेलेल्या मैदानावर. आपल्या लाल मातीत पाणी मुरलं की चेंडू थांबतो, जमिनीवरचा पास अर्ध्यात अडकतो. जाणता कोच पहिल्या पाच मिनिटांत मैदान फिरून येतो, डबकी कुठे आहेत ते बघतो आणि कोन कोरड्या बाजूला हलवतो. मग घड्याळ लावून बघा: एका चेंडूमागे किती पोरं उभी आहेत? दहाजण रांगेत आणि एकजण लाथ मारतोय, असं दिसलं तर ९० मिनिटांत एका पोराच्या पायाला चेंडू अगदी मोजक्या वेळा लागणार. पाच-पाच किंवा सहा-सहाचे छोटे सामने लावणारा कोच त्याच वेळात कितीतरी पट काम काढतो. गोलकीपर बाजूला नुसता उभा आहे का? चुकलेल्या पोराला मैदानाला फेऱ्या मारायला लावतोय का? असं दिसलं तर मी त्या माणसाला नेमणार नाही, परवाना कुठलाही असो.

भाषेचीही परीक्षा इथेच होते. आपल्या संघात मराठी पोरं असतात, कन्नड असतात, बेळगावच्या कॅम्पातली उर्दू-हिंदी बोलणारी असतात, कोकणी बोलणारीही असतात. हाफ टाइमला दहा मिनिटांत जे सांगायचं ते सगळ्यांच्या डोक्यात उतरलं पाहिजे. सगळ्या भाषा अस्खलित यायला हव्यात असं नाही, पण 'मागे ये', 'माणूस धर', 'बाहेर मार' एवढं तरी कन्नडमध्ये ओरडता आलं पाहिजे. फक्त मराठी पोरांशी बोलणारा कोच महिन्याभरात संघाचे दोन तुकडे करतो.

कोच कोल्हापूरचा किंवा गोव्याचा असेल तर अंतराचा हिशेब आधी करा. निपाणीला कोल्हापूर चाळीस किलोमीटर, माणूस रोज जाऊन-येऊन करू शकतो. बेळगावला तेच अंतर एकशे दहाच्या घरात. गोव्याहून येणाऱ्याला चोर्ल्याचा घाट, आणि पावसात त्या रस्त्याची काय अवस्था होते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला राहायची सोय द्या, नाहीतर नेमू नका. जुलैत आठवड्याला दोन सराव बुडाले की ऑगस्टमध्ये त्याचीच तक्रार होते, आणि दोष त्याच्या माथी येतो. स्पर्धेच्या पातळीबद्दलही विचारा. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या किंवा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) संघात निवडलेला पोरगा आंतरविद्यापीठ स्पर्धेत दक्षिण विभागात खेळतो, समोर केरळची विद्यापीठं येतात. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाकडे, म्हणजे पश्चिम विभागात. कोल्हापूरच्या मैदानांवर तयार झालेल्या कोचनं हा फरक समजून घेतलेला असावा.

करार दोन पानांचा पुरे. इंग्रजीत असला तरी सही करण्याआधी तो मराठीतून किंवा कन्नडमधून ओळ न ओळ वाचून दाखवा. मानधन महिन्यावर ठेवलं की भांडण ठरलेलं, सरावावर ठेवा. समजा आठवड्याला ४ सराव, १० आठवडे, म्हणजे ४० सराव, दर सरावाला ६०० रुपये: एकूण २४,०००. पावसानं मैदान बंद पडलं आणि कोच आला असेल तर तो सराव धरायचा, कारण पाऊस त्याच्या हातात नाही. त्या दिवशी वर्गात बसून फळ्यावर जागा समजावता येतात. सामन्याच्या दिवसाचा दर वेगळा, प्रवासभत्ता वेगळा. एका आर्थिक वर्षात रक्कम ५० हजारांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएस कापला जातो, कारण आयकर खातं कोचची फी व्यावसायिक सेवेत धरतं. हे आधी सांगा; शेवटच्या चेकमध्ये पैसे कमी दिसले की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

मग निरोपाचं कलम. कारण न देता काढायचं असेल तर १५ दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या सरावांचे पैसे. वरच्याच उदाहरणात २२ सराव झाल्यावर काढलं, तर झालेल्या कामाचे १३,२०० आणि पुढच्या दोन आठवड्यांतल्या ८ सरावांचे ४,८००, एकूण १८,००० रुपये. अमेरिकेसारखं दुसरीकडचं मानधन वजा करण्याचं कलम आपल्याकडे मी घालणार नाही. चार-पाच हजारांसाठी माणसाच्या मागे लागणं कॉलेजला शोभत नाही. कोचला स्वतःहून जायचं असेल तरी तेच १५ दिवस, पण स्पर्धेचा पहिला सामना तीन आठवड्यांवर आल्यावर जाता येणार नाही, एवढं मात्र घाला.

विनानोटीस काढण्याची कारणं मोजून लिहा: खोटं प्रमाणपत्र, खेळाडूवर हात उचलणं, दारू पिऊन मैदानावर येणं, पोरांकडून पैसे घेणं, मुलींशी गैरवर्तन, सलग चार सराव न कळवता चुकवणं. गैरवर्तनाची तक्रार आली तर ती कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जायला हवी आणि चौकशी होईपर्यंत कोचला मैदानापासून दूर ठेवायला हवं. फिजिकल डायरेक्टर सरांनी खोलीत बोलावून मिटवायचा तो विषय नव्हे. 'असमाधानकारक कामगिरी' हा शब्द त्या यादीत घालू नका. त्याचा अर्थ ज्याला हवा तसा लावता येतो.

कामगिरीवरून काढण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चुका इथेच होतात. अमेरिकेत कॉलेज संघाला नियमित मोसमात १२ सामने मिळतात. आपली स्पर्धा बाद पद्धतीची. चिठ्ठी वाईट निघाली, एक पेनल्टी बाहेर गेली, की मोसम एका दुपारीत संपला. एका सामन्यावरून कोच कळत नाही. हजेरीवही बघा: पहिल्या आठवड्यात किती पोरं येत होती आणि आठव्या आठवड्यात किती उरली. ३० ची १४ झाली असतील तर काहीतरी बिघडलंय. पिवळी-लाल कार्डं किती, सरावात दुखापती किती, पहिल्या वर्षाच्या किती पोरांना खेळायला मिळालं, हे बघा. निदान दोन मोसम द्या.

आणि दोष कोणाचा, हेही नीट बघा. वय उलटलेला किंवा नोंदणी नसलेला खेळाडू उतरवल्यामुळे संघ बाद होतो आणि कोचला घरी पाठवतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. ती कागदं तपासणं ऑफिसचं आणि फिजिकल डायरेक्टर सरांचं काम आहे. करारात कामं वाटून टाका: पात्रता त्यांच्याकडे, संघनिवड फक्त कोचकडे, पैसे प्रिन्सिपलांकडे. संचालक मंडळातल्या कुणाच्या भाच्याला अकरात घेण्यासाठी आलेला फोन कोचपर्यंत पोचता कामा नये. तो अडवण्याची जबाबदारी प्रिन्सिपलांची, हेही लिहा.

काढायचं ठरलंच तर कसं सांगायचं? २९ सप्टेंबर २०१३ ला अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं कोच लेन किफिन यांना ॲरिझोना स्टेटकडून ६२-४१ हरून परतताना विमानतळावरच काढलं. लोक अजूनही तो संघ नव्हे, तो विमानतळ लक्षात ठेवून आहेत. पराभवाच्या दिवशी सांगू नका, मैदानावर तर नाहीच, व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरांना आधी कळू देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये, फिजिकल डायरेक्टर सर हजर असताना, पत्र आणि चेक एकत्र हातात द्या. चेक 'पुढच्या आठवड्यात' म्हणालात की तो माणूस गावभर सांगत फिरणार, आणि त्यात त्याची चूक नसेल.

त्याच संध्याकाळी सराव झाला पाहिजे. हंगामी कोच म्हणून संघाच्या कॅप्टनला उभं करू नका. सोबत्यांना बाहेर बसवणं त्याला जमणार नाही. जुना युनिव्हर्सिटी ब्लू, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला खेळाडू बघा, आणि पक्क्या जागेसाठी त्याचा विचार होणार की नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. किफिन यांच्यानंतर एड ऑर्जरॉन यांनी हंगामी म्हणून आठपैकी सहा सामने जिंकून दिले, तरी जागा दुसऱ्याला मिळाली, आणि मोसमाचा शेवटचा सामना बाकी असतानाच ते निघून गेले.

जाणाऱ्या कोचकडून चेंडू, बिब, कोन मोजून घ्याल तेव्हा आणखी एक वही मागून घ्या. कुणाचा घोटा दुखावलाय, कोण किती दिवस विश्रांतीवर आहे, कुणाला दमा आहे आणि पंप कुठल्या पिशवीत असतो. नवा कोच पहिल्या सरावाला मैदानात उतरायच्या आत ती वही त्याच्या हातात पडली पाहिजे.