लाँड्री नंबरवरून सापडलेला माणूस

अमेरिकेत ओहायोमधल्या डेटनमध्ये राहणाऱ्याची विमानांपासून सुटका नाही. राइट बंधू इथले, हवाई दलाचं भलंमोठं संग्रहालय इथेच (प्रवेश फुकट, त्यामुळे भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा तिथे नेला जातो), आणि जुन्या बाजारात गेलं की एखाद्या टेबलावर विमानाचं काहीतरी पडलेलं असतंच. मला मिळालं ते तपकिरी चामड्याचं जाकीट. विकणारा म्हणाला, "पायलटचं आहे." हे सगळेच विकणारे म्हणतात, कारण पायलट म्हटलं की भाव चढतो. वास्तविक बी-१७ बॉम्बरवर दहा माणसं असायची आणि त्यांत पायलट दोनच. असं जाकीट मात्र बाकीच्यांनाही मिळायचं.

कॉलरच्या आत विणलेली पट्टी होती: टाइप ए-२, ड्रॉइंग नंबर ३०-१४१५, खाली 'डब्ल्यू ५३५'ने सुरू होणारा ऑर्डर नंबर. ए-२ हे जाकीट अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने १९३१ मध्ये स्वीकारलं. बहुतेक जाकिटं घोड्याच्या कातड्याची. १९४३ मध्ये हवाई शाखेचे प्रमुख जनरल हॅप अर्नोल्ड यांनी चामड्याच्या नव्या ऑर्डरी थांबवल्या आणि कापडी जाकिटं आली. या पट्टीवरून कुठल्या कारखान्याने कधीच्या सुमारास शिवलं ते कळतं, घातलं कोणी ते कळत नाही. शिवाय खरं-खोटं आधी पाहावं लागतं. जपानात याच्या इतक्या हुबेहूब नकला होतात की जाणकारही चेन आणि टाके तपासत बसतात, आणि १९८८ पासून हवाई दलानेच हे जाकीट पुन्हा द्यायला सुरुवात केली आहे.

छातीवर डावीकडे नावाची चामडी पट्टी शिवलेली असायची. माझ्या जाकिटावर तिची फक्त भोकं उरली होती. खांद्यावरचा बिल्ला मात्र शाबूत होता. लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि शेजारी तारा. तो तारा म्हणजे 'स्टार ऑफ इंडिया'. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकी सैनिकांची ही खूण. ओहायोच्या बाजारात घेतलेलं जाकीट आपल्याकडे राहून आलेलं! त्यानंतर मला झोप कशी लागणार?

धागा सापडला अस्तरात. आपल्याकडे धोबी शर्टाच्या कॉलरला खूण करायचे ना, तसंच अमेरिकी लष्करात कपड्यांवर लाँड्री नंबर असायचा: आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. इथे ते स्पष्ट होते. खिशाच्या आत शाईने लिहिलेलं आडनाव पुसट झालं होतं, पण अतिनील टॉर्चखाली बरंचसं वाचता आलं.

पुढचं काम घरबसल्या होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या सुमारे ९० लाख जणांची यादी इंटरनेटवर खुली ठेवली आहे. मूळ पंचकार्डांच्या (भोकं पाडून माहिती नोंदलेल्या कार्डांच्या) मायक्रोफिल्मवरून यंत्राने वाचलेली असल्यामुळे नावांची अक्षरं कुठेकुठे उलटीपालटी झालेली असतात, म्हणून आडनाव वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहावं लागतं. शेवटचे चार आकडे जुळणारा एकच जण निघाला. त्याचा क्रमांक ३५ने सुरू होत होता. ३ म्हणजे सक्तीच्या भरतीतून आलेला, ५ म्हणजे ओहायो, इंडियाना, केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया या टापूतला. अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी 'ओ' असे. भरती होताना धंदा लिहिला होता: रेडिओ दुरुस्ती. म्हणजे बहुधा पायलट नाहीच. मला तर उलट आनंद झाला.

मग सैनिकांच्या फाइली जिथे ठेवतात त्या सेंट लुइसला त्याची सेवापुस्तिका मागितली. १२ जुलै १९७३ रोजी तिथल्या नोंदींच्या इमारतीला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली जळाल्या. १९१२ ते १९५९ या काळात लष्करातून सुटलेल्यांच्या साधारण ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. याचीही गेली होती. पण शेवटच्या पगाराची पावती वेगळी ठेवलेली होती, तिच्यावर घरचा पत्ता मिळाला. १९५०ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली आहे. तिच्यात तो त्याच रस्त्यावर, बायको आणि लहान मुलीसह. स्थानिक वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी वाचल्यावर बाकीचं जुळलं: आसामहून चीनला जाणाऱ्या मालवाहू विमानांवर रेडिओ ऑपरेटर.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, चीनचा रस्ता तुटला आणि चाबुआ, दिंजनसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून माल उडवत न्यावा लागला. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि सहाशेच्या आसपास विमानं गमावली. चाबुआच्या परिसरातल्या चहामळ्यांतल्या मजुरांनी हाताने खडी फोडून या धावपट्ट्या बांधल्या.

त्या मजुरांचं कुठलंही पंचकार्ड नाही. खांद्यावरच्या बिल्ल्याचंही तेच. असे चामडी बिल्ले भारतातले कारागीर सैनिकांना करून द्यायचे. माझ्या बिल्ल्यातला तारा किंचित तिरका आहे, टाके हाताचे. घालणारा एक अक्षर आणि चार आकड्यांवरून सापडला, शिवणारा कुठून सापडणार? मला त्याचाच शोध जास्त घ्यावासा वाटतो, पण सुरुवात करायला एक अक्षरही नाही.

मुलगी आता सत्तरी ओलांडलेली. तिला पत्र लिहिलं, तिचा फोन आला. वडील भारताबद्दल फारसं बोलत नसत, म्हणाली, फक्त पावसाला शिव्या घालायचे, आणि जन्मभर भाताला हात लावला नाही. जाकीट तिचंच आहे, कधीही घेऊन जा, असं मी सांगितलं. तिने नको म्हटलं, अस्तराचे फोटो तेवढे मागितले, आणि बदल्यात एका फोटोची प्रत पाठवली: सी-४६ विमानासमोर चार पोरं, सगळी उघडी, घामेजलेली. शेपटीवरचा नंबर २ने सुरू होतो, म्हणजे १९४२च्या ऑर्डरीतलं विमान. बाकीचे आकडे भिंगातून वाचता आले. प्रत्येक विमानाचं नोंदकार्ड अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या अभिलेखागारात मायक्रोफिल्मवर आहे. या विमानाचं मागवलंय.