मामाची टोपी आणि लाउंजचं दार

मामेभावाचं लग्न मे महिन्यात, जळगावला. तो पुण्यात नोकरीला, मित्रही तिकडचेच, म्हणून हळदीच्या आदल्या संध्याकाळी पार्टी पाहिजेच असा हट्ट. आमच्याकडे अशी पार्टी म्हणजे मळ्यात भरीत, नाहीतर परमिट रूमच्या वरच्या एसी हॉलमध्ये शेवभाजी. त्याला मात्र हायवेकडच्या एका हॉटेलच्या गच्चीवरचं नवं लाउंज हवं होतं. गावात राहणारा मी, त्यामुळे बुकिंग माझ्या गळ्यात.

फोन केला तर आधी विचारलं, "सर, कपल किती?" मी म्हटलं, सगळी पोरंच आहेत, नवरदेवाचे मित्र. "मग जमणार नाही. स्टॅग एंट्री बंद आहे." स्टॅग म्हणजे सोबत बाई नसलेला पुरुष. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर नियम आले. पुरुषांना चप्पल, स्लीपर, हाफ पँट, बिनबाह्यांचा टी-शर्ट आणि कॅप चालणार नाही. प्रवेशाचा हक्क राखीव. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो, आणि बंद बुटाचा आग्रह नेमका त्याच दिवसांत!

फोनवर बोलून उपयोग नाही हे कळलं, म्हणून दुपारी मॅनेजरला जाऊन भेटलो. हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो. फोनवरच्या पोराच्या हातात काही नसतं, त्याला फक्त नियम वाचून दाखवायचा असतो. मॅनेजर माणूस बरा निघाला, त्याने एकेका नियमामागचं कारण सांगितलं. चप्पल नको, कारण नाचायच्या जागेवर ग्लास फुटतात आणि काच पायात जाते. मागे पट्टा असलेली सँडल मात्र चालते. कॅप नको, कारण पुढच्या झापेमुळे सीसीटीव्हीत चेहरा दिसत नाही आणि भांडण झालं की पोलीस आधी फुटेज मागतात. स्टॅगचं कारण त्याने जरा आडून सांगितलं. नुसत्या पोरांचे दोन घोळके समोरासमोर बसले की रात्री अकरानंतर टेबलं उलटतात, असं त्याचं म्हणणं. शेवटी तोडगा निघाला. तीन तरी जोडपी पाहिजेत, सगळ्यांनी नऊच्या आत यायचं आणि नावांची यादी आधी द्यायची.

आता जोडपी कुठून आणायची? नवरीला लग्नाआधी तिथे नेणं शक्यच नव्हतं. मी आणि बायको एक, यावलहून आलेले साडू आणि मेहुणी दोन. तिसऱ्यावर गाडी अडली. मामा ओट्यावर बसून ऐकत होता. अमळनेरकडचा कापूसवाला माणूस, घरात अहिराणीच बोलतो. म्हणाला, "मंग मी अन् तुन्ही मामी येतस ना!" नवरदेव बापावर ओरडला, "अहो दादा, तिथं डीजे असतो." मामी म्हणाली, लग्नातही डीजेच असतो.

झालं. यादीत तिसरं जोडपं म्हणून मामा-मामी. मामाच्या पायात कायम वहाणा, म्हणून फुले मार्केटमधून पट्ट्याची सँडल आणली. पांढरा सदरा-पायजमा नियमात कुठे बसत नव्हता, पण त्याला मनाईही नव्हती. प्रश्न उरला टोपीचा. मामा टोपी फक्त झोपताना काढतो.

हे असं दारात अडवणं जुनंच आहे. 2014 मध्ये चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून आत सोडलं नाही. त्यावर एवढं वादळ उठलं की तमिळनाडूने त्याच वर्षी अशी अडवणूक बंद करणारा कायदाच केला. 2024 च्या जुलैत बंगळुरूच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दारात थांबवलं. तो मुलासोबत सिनेमा बघायला आला होता. सरकारने मॉल आठवडाभर बंद ठेवायला लावला. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांचं नाव घेऊन सांगितलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाला मज्जाव करता येणार नाही. कपड्यांचा त्यात उल्लेख नाही. तेवढ्या फटीतून हे सगळे बोर्ड उभे राहतात.

रात्री दारात काळ्या कोटातला एक पोरगा उभा होता. कोट त्याच्या मापाचा नव्हता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आणि मानेवरून घाम ओघळत होता. त्याची नजर आधी पायांवर जाते, मग गुडघ्यावर, मग कॉलरवर. तोंडाकडे तो सगळ्यात शेवटी बघतो. साडूच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळपट डाग होते. हे डाग कितीही धुतले तरी जात नाहीत, आणि यावल-रावेरकडे तो चिक कुणाच्या शर्टाला चुकलाय? पण बूट आणि कॉलर जागेवर होते, त्यामुळे साडू पास.

अडकला तो पुण्याचा मित्र. गुडघ्याच्या जरा वर येणारी ब्रँडेड शॉर्ट. आमच्या सगळ्यांच्या कपड्यांची बेरीज केली तरी ती महाग भरली असती. पोरगा म्हणाला, "सर, हाफ पँट नाही." मित्राने इंग्रजी झाडलं, किंमत सांगितली, पुण्यात कुठेकुठे हीच घालून गेलो ते सांगितलं. पोरगा शांतपणे त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिला. शेवटी बिचारा रिक्षा करून लॉजवर गेला आणि जीन्स चढवून आला.

मग मामा. पोरगा टोपीकडे बघायला लागला. कॅप नको हा नियम त्याला पाठ, पण गांधी टोपीचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मामाच म्हणाला, "टोपी काढाले लावशी का माले?" पोरगा एकदम ओशाळला, "नहीं बाबा." तरी त्याने वॉकीटॉकीवर विचारलंच. मॅनेजर खाली आला, त्याने टोपीला झाप नाही हे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तोवर पोरगा मामाला विचारत होता, "तुम्हनं गाव कोनतं?" तो धरणगावकडचा निघाला. दोन मिनिटांत सोयरिकी जुळायला लागल्या आणि मागे रांग तुंबली.

मला खरी गंमत वेगळीच वाटली. कायदा दारात दोनच गोष्टी मागतो. एक वय: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21, बाकीच्या दारूला 25. दुसरी, पिणाऱ्याचा परवाना: एका दिवसाचा विदेशी दारूचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आयुष्यभराचा हजाराला. माझा आयुष्यभराचा आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे रीतसर अर्ज करून काढलेला. तो मी हौसेने मोबाइलवर उघडून पुढे केला. पोरगा म्हणाला, "हे काय आहे, सर?" आमच्यात एक बावीस वर्षांचा होता, त्याचं वय ना दारात विचारलं, ना आत वेटरने. त्याला बिअरवर मीच थांबवलं.

आमच्या जुन्या परमिट रूमला असला काही नियम नाही. शेतातून चिखलाच्या पायांनी आलात तरी पोऱ्या टेबल पुसतो. फक्त बाईमाणूस तिथे दिसत नाही, दिसलंच तर पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये, वेगळ्या जिन्याने. इथे उलट. बाई असल्याशिवाय पुरुषाला दार उघडत नाही. पण ते तिच्या मानासाठी वगैरे असेल असं मला वाटत नाही. लेडीज फ्री, कव्हर, म्हणजे आत शिरायचे पैसे, फक्त पुरुषांना. मामाचे पैसे घेतले आणि मामीच्या मनगटावर गुलाबी कागदी पट्टी बांधली. तिने विचारलं, "हे कशाला?" पोरगा म्हणाला, "तुम्ही फुकट आहात, आजी." मला ते आवडलं नाही. मामी मात्र हसत सुटली.

कव्हरचे पैसे आत बिलातून वळते होतात, हे आधी विचारून ठेवलं होतं. पण ते त्याच रात्री संपवावे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत. मामाने एक बिअर घेतली, मामीने लिंबू सोडा. डीजेच्या आवाजात बोलणं अशक्य होतं, तरी शेजारच्या टेबलावरच्या पोरींनी मामीसोबत फोटो काढले. अकराच्या सुमाराला वेटर सांगायला आला की मामाच्या कव्हरमधले अजून सहाशे शिल्लक आहेत. मामीने मेनू मागवला, चष्मा लावून किमती वाचल्या, पापडाचा भाव बघून तो परत वेटरच्या हातात दिला आणि म्हणाली, "सहाशेत जे जास्त येईल ते आण."