तुम्ही विचारलंत म्हणून: साखरेच्या गावात कोळंबीची साखर कशाला?

लग्नात भेटा नाहीतर बिंदू चौकात, मी लॅबमध्ये काय करते हे कळलं की प्रश्न ठरलेला, अगं कोल्हापुरात साखर कारखाने काय कमी पडलेत का, म्हणून कोळंबीच्या टरफलातनं साखर काढायला निघालीस? आणि लगेच दुसरा, चहात चालते का? नाही चालत. ही साखर गोडव्यासाठी नाहीच.

कोळंबी-खेकड्याच्या टरफलात कायटिन असतं, ते कडक कॉस्टिक सोड्यात तापवलं की कायटोसॅन होतं. (नाक मुरडणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी, कायटिन 1811 साली पहिल्यांदा सापडलं ते अळंबीत.) कायटोसॅन म्हणजे ग्लुकोसामाइन नावाच्या साखरेची लांबच लांब साखळी, उसाच्या कांड्या एकापुढं एक जोडल्यासारखी. आख्खी साखळी साध्या पाण्यात विरघळत नाही, थोडं ॲसिड घालावं लागतं आणि मग द्रावण इतकं चिकट होतं की पिपेटमध्ये नीट चढत पण नाही. पण तिचे पाच-सहा-सात कांड्यांचे तुकडे केले की पाण्यात आरामात विरघळतात, आणि झाडाला ते लागले की झाडाला वाटतं बुरशी आली, कारण बुरशीच्या भिंतीत पण हाच माल असतो, मग झाड स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतं. एकेकटी कांडी हे काम करत नाही. म्हणजे सगळा खेळ लांबीचा.

मग गरम ॲसिडनं तोडा की, असं म्हणाल. तुटतं, पण ते थांबत नाही, शेवटी हातात बहुतेक सुटं ग्लुकोसामाइन येतं, तेच ते गुडघेदुखीच्या गोळ्यांतलं. म्हणून एन्झाइम, म्हणजे ठरावीक रिॲक्शन घडवून आणणारं प्रोटीन. मातीतले बॅसिलस, स्ट्रेप्टोमायसीस असले जिवाणू कायटोसॅन तोडणारं एन्झाइम, कायटोसनेज, बनवतात, त्याचं जीन ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत घालून आम्ही ते वाढवतो. तोडण्याचं काम करणाऱ्या जागेला हात लावायचा नाही, पण साखळी जिथं बसते त्या खाचेतली एखाद-दुसरी अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या साखळीतले मणीच हे) बदलली तर छोटे तुकडे तिथं नीट बसत नाहीत आणि आणखी बारीक होण्यातनं वाचतात. फ्रान्सिस अर्नोल्ड बाईंना 2018 चं नोबेल मिळालं ते याच्याच जवळच्या कामासाठी, त्यांची रीत मात्र वेगळी, भरमसाट बदल करायचे आणि चांगले निघतील ते निवडत पुढं जायचं.

आता खरी डोकेदुखी. सुटं एन्झाइम द्रावणात मिसळलं की परत काढता येत नाही, रिॲक्शन थांबवायला उकळलं की तेही गेलं, म्हणून ते कशावर तरी बांधून ठेवायचं. सगळ्यांना सुचते ती अल्जिनेटची (समुद्री शेवाळातनं निघणारा जेलीसारखा पदार्थ) गोळी, एन्झाइम मिसळून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचं, गोलगोल मणी होतात, फोटोत लै भारी दिसतात. इथं कामाच्या नाहीत! अल्जिनेटचा चार्ज निगेटिव्ह, कायटोसॅनचा पॉझिटिव्ह, गोळीवर लगेच साय धरते आणि एवढी मोठी साखळी आत शिरतच नाही, एन्झाइम बिचारं आत उपाशी. त्यापेक्षा बारीक मॅग्नेटिक कणांच्या वरच्या अंगाला ग्लुटाराल्डिहाइड या दोन्ही टोकांनी पकडणाऱ्या रसायनानं चिकटवलेलं बरं. फक्त ते पकडतं एन्झाइमच्या लायसिन नावाच्या अमिनो ॲसिडला, आणि लायसिन खाचेच्या तोंडाशी असलं तर तोंडच बंद, म्हणून जीनमध्येच बदल करून लायसिन पाठीमागं आणायचं. उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड ग्लायसिन या छोट्या अमिनो ॲसिडनं गप्प करायचं, नाहीतर ते कायटोसॅनलाच धरून बसतं.

मग ट्यूबच्या बाजूला मॅग्नेट लावला की काळपट कण सरसर भिंतीला जाऊन चिकटतात, स्वच्छ पाणी ओतून घ्यायचं, कण पुढच्या बॅचला. त्या पाण्यात साखळीची सुटी टोकं ओळखणारं डीएनएस नावाचं रसायन घालून उकळलं की पिवळ्याचं विटकरी होतं, म्हणजे तुटलंय. किती लांबीचे तुकडे पडलेत ते यात कळत नाही, त्याला तुकडे लांबीप्रमाणं वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी लागते.

शिरोळच्या मामांचं म्हणणं, एवढं करतेस तर दे एक कॅन, उसावर मारून बघतो. म्हटलं मामा, अजून टेस्ट ट्यूबभरच निघतंय, आधी कुंडीतल्या टोमॅटोवर मारू, मग तुमच्या उसाचं बघू.