तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेनियर्सचं नाव का झालं नाही?

"एवढे भारी होते म्हणता, मग आम्ही कधी त्यांचं नाव कसं ऐकलं नाही?"

गेली पंधरा-सोळा वर्षं हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मी जुन्या रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे ज्यातून रॉक अँड रोल निघालं त्या काळ्या अमेरिकनांच्या संगीताच्या, रेकॉर्ड जमवतो हे कळलं की लोक एल्व्हिसपासून सुरुवात करतात. मी ट्रेनियर्स म्हणतो, म्हणजे गाता गाता उड्या मारणारा, हसवणारा काळ्या अमेरिकन कलाकारांचा एक गट, आणि मग हे येतं. प्रश्नाच्या पोटात निकाल आधीच लागलेला असतो: नाव झालं नाही, म्हणजे दम नसणार. त्याचा मला राग येतो. म्हणून आज एकदा सगळं सांगतो.

क्लॉड आणि क्लिफ ट्रेनियर हे जुळे भाऊ, जन्म १९१९चा, अलाबामातल्या मोबीलचा. कॉलेजात पियानोवाला जीन गिल्बो आणि सॅक्सोफोनवाला डॉन हिल भेटले. पुढे दोघे भाऊ जिमी लन्सफोर्ड या बँडप्रमुखाच्या ऑर्केस्ट्रात गायले. त्या ऑर्केस्ट्रात वादक वाजवता वाजवता ट्रंपेट हवेत उडवून झेलायचे, आणि तरी सूर जागचा हलायचा नाही. ट्रेनियर्सचं शिक्षण तिथलं. १९५१ साली ओके कंपनीसाठी केलेलं 'गो! गो! गो!' रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात गेलं. पुढच्याच वर्षी 'इट रॉक्स! इट रोल्स! इट स्विंग्ज!' आलं. बिल हेली या गोऱ्या गायकाचं घड्याळाचं गाणं, 'रॉक अराउंड द क्लॉक', तेव्हा रेकॉर्डही झालेलं नव्हतं.

पूर्वी मी इथे थांबून म्हणायचो, बघा, गोऱ्यांनी काळ्यांचं रॉक अँड रोल चोरलं. हे मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगितलंय, लेखी सुद्धा. आता तसं म्हणताना अडखळतो. 'रॉक-अ-बीटिन' बूगी' हेलीनंच लिहिलं आणि त्याच्याआधी ट्रेनियर्सनी ते गायलं, म्हणजे देवाणघेवाण होती. पण त्या देवाणघेवाणीत एकाचं घर भरलं आणि दुसऱ्याचं नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं माझ्या तोंडी आहेत आणि ती एकमेकांना खोडत नाहीत, एवढंच मला आज म्हणता येतं.

१९५४ साली डीन मार्टिन आणि जेरी लुइस या विनोदी जोडीच्या टीव्ही कार्यक्रमात ते आले, ती फीत आज कुणालाही बघता येते. 'रॉकिन' इज अवर बिझनेस' चालू आहे, मंचावर एक माणूस स्थिर नाही, आणि शेवटी जेरी लुइस स्वतः ड्रमवर बसतो. मी ती शेकडो वेळा पाहिली असेल. आणि हीच फीत मी एकदा लपवली. ते सांगायचं म्हणूनच खरं तर हे लिहितोय.

आमच्याकडच्या एका रसिक मंडळानं मला दीड तास दिला होता. चाळीसेक माणसं आली होती. पडदा होता, प्रोजेक्टर होता. मी काहीही दाखवलं नाही. आदल्या रात्री बसून यादीतून चेष्टेची गाणी काढून टाकली. 'हॅडकोल दॅट्स ऑल' सुद्धा काढलं. हॅडकोल म्हणजे लुइझियानाच्या एका राजकारणी माणसानं काढलेलं टॉनिक. त्यात बारा टक्के दारू, त्यामुळे दारूबंदीच्या भागातली सोवळी माणसंही ते चमचा-चमचा प्यायची. गाणं त्यावरचं. मला वाटलं, हे लावलं तर लोक हसतील आणि ट्रेनियर्सना विदूषक समजतील. मला त्यांच्यासाठी मान हवा होता.

मग मी लन्सफोर्ड सांगितला, बारा बारच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या, ब्लूजची बांधणी सांगितली, सालं सांगितली. स्पीकरवर नुसता आवाज. वीस मिनिटांत मागच्या खुर्च्या वाजायला लागल्या. पहिल्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ होते, तीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवलेले. ते मात्र गुडघ्यावर दोन बोटांनी ठेका धरून होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"हे गाताना काय करतायत?"

"गातायत," मी म्हणालो.

"नाही. सॅक्सवाला फुंक मध्येच तोडतोय. तो वाकतोय तरी, नाहीतर उडी मारतोय. उभं राहून असं वाजत नाही."

मी म्हणालो, "काका, आपण गाण्याकडे लक्ष देऊया."

त्यांची बोटं थांबली. पुढचा तासभर ती हलली नाहीत. मी बोलत होतो आणि माझं लक्ष त्या बोटांकडे होतं.

नंतर चहाच्या वेळी ते जवळ आले. रागावले नव्हते. म्हणाले, "आमच्यात मिमिक्रीवाला असायचा. गाण्यात ठोका चुकला तर गायक सांभाळून घेतो. विनोदात चुकला तर मेलाच तो. हशा पडत नाही." मला राहवलं नाही. बाहेर त्यांच्या स्कूटरपाशी मोबाइलवर ती फीत दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली. दुसऱ्या वेळी माणसांचे चेहरे सोडून फक्त पाय बघत होते. मग विचारलं, "हे आत का नाही दाखवलंत?"

मला उत्तर देता आलं नाही. ते किक मारून गेले. परत भेट झाली नाही.

आता माझ्या बाजूनं एवढं सांगू द्या की माझी भीती अगदीच पोकळ नव्हती. अमेरिकेत गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करण्याचा शतकभराचा धंदा होता. लास व्हेगासच्या मोठ्या हॉटेलांत १९६० पर्यंत काळ्या कलाकारानं गायचं, पण खोली मागायची नाही. अशा गावात काळा माणूस हसवतो तेव्हा समोरचा नेमकं कशाला हसतोय, हा प्रश्न मला छळतो. पण त्यावर उपाय म्हणून मी त्यांचा विनोदच कापला. त्यांनी घाम गाळून जे बसवलं होतं, तेच मी लाजेपोटी बाहेर ठेवलं. त्यांना मान देतोय असं मला वाटत होतं.

तर नाव का झालं नाही? कारण रेकॉर्डमध्ये त्यांचं अर्धं अंगच येत नाही. बेसबॉलपटू विली मेझला सोबत घेऊन त्यांनी १९५४ साली गाणं केलं, तेव्हा पुढे मोठा संगीतकार झालेला क्विन्सी जोन्ससारखा माणूस वाद्यवृंदाला होता. १९५६च्या दोन मोठ्या रॉक अँड रोल सिनेमांत ते आहेत. पण दुकानातून माणूस रेकॉर्ड घरी नेतो, उडी नेत नाही. हे माझं आजचं उत्तर. कधी वाटतं तेही अर्धवट आहे, कारण हेलीची मंडळीही मंचावर आडवी पडून वाजवायची आणि त्यांच्या रेकॉर्ड खपल्या.

क्लिफ १९८३ साली गेला. क्लॉड थांबला नाही, घरातल्या पुढच्या पिढीला घेऊन लास व्हेगासच्या लाउंजमध्ये म्हातारपणीही उभा राहिला. २००३ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

पुढच्या महिन्यात एका मित्राकडे पुन्हा बोलावलंय, पंधरा-वीस माणसं असतील. या वेळी आधी फीत लावणार आहे, आणि त्यानंतर 'हॅडकोल'.