डावा हात

"काकू, कॅमेरा बघा, पन्नास मेगापिक्सेल!" असं म्हणत दुकानातल्या मुलाने माझाच फोटो काढून मला दाखवला. हनुवटीवरचा एकुलता एक केससुद्धा स्वच्छ दिसत होता. म्हटलं, "फोटो राहू दे. डग्गा ऐकव."

तापकीर गल्लीत मी खरं तर चार्जरची वायर घ्यायला गेले होते. पण जुना फोन दोन महिने सर्दी झाल्यासारखा वाजतोय, म्हणून शेजारच्या दुकानात शिरले.

माझी एक खोड आहे. फोन कुणाचाही असो, हातात आला की त्यावर विलंबित ख्याल लावायचा आणि गाणं सोडून मागचा तानपुरा आणि डग्गा ऐकायचा. ही चटक सवाईची, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची. मुकुंदनगरला जायच्या आधीची सवाई, रमणबागेतली. पार मागे बसायचो, गवई बोटाएवढा दिसायचा, पण डग्गा थेट छातीत. फोनच्या पोटात नखाएवढा स्पीकर, तो खर्जाची हवा हलवणार कशाने? मग नुसती टिकटिक उरते. तबलजीचा डावा हात घरीच राहिल्यासारखी.

चार फोन झाले, चारही टिकटिकले. "हेडफोन लावून ऐका ना." मी पर्समधून वायरीचा हेडफोन काढला, गुंता सोडवला, आणि भोकच सापडेना. "जॅक आता कोण देतं, काकू?" 2016 साली आयफोन 7 मधून ते साडेतीन मिलिमीटरचं भोक गेलं, तेव्हा इतरांनी टिंगल केली होती. मग एकेकाने आपापलंही बुजवलं. फोनमधल्या एफएमला ती वायरच एरियल म्हणून लागते, त्यामुळे त्याचंही कठीण झालं, हे मी त्याला सांगितलं. तो सभ्यपणे हसला. माझ्या नोकिया 5310 ला कडेला गाण्याची तीन बटणं होती, पर्समध्ये हात घालून न बघता गाणं बदलता यायचं, हेही सांगणार होते. पण त्याचा तो हसरा चेहरा बघून राहू दिलं.

आणि मी तरी कुठली मोठी कानसेन? सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बाबा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायचे. प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबलं की घरात संचारबंदी. शिंकायचं नाही, नळ सोडायचा नाही. एका सकाळी आकाशवाणीवर तोडी लागली होती. द्रुत रंगात आली आणि आतून कुकरची शिट्टी झाली. बरोब्बर समेवर! बाबांनी कपाळावर हात मारला. पण कॅसेट पुसली नाही. उलट तिच्या पाठीवरचा तो प्लास्टिकचा तुकडा सुरीने मोडून टाकला, म्हणजे तिच्यावर कुणी दुसरं काही भरायला नको.

शेवटी जॅकवाला एक स्वस्तातला घेतला. "कॅमेरा एवढा नाही हां," मुलगा अपराधी चेहऱ्याने म्हणाला.

घरी येऊन तोडी लावली. तानपुऱ्याच्या तारा सुट्या सुट्या, डग्गा जागच्या जागी, तक्रारीला वावच नाही. फक्त द्रुत सुरू झाली की एका समेला काहीतरी चुकतं. जिन्यात आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि नसावी, तसं.

काल ऐकत बसले होते, तेवढ्यात नवरा खांद्याला हात लावून म्हणाला, "शिट्ट्या किती झाल्या?"

हेडफोन काढला. "एकच," म्हटलं.

भाताचं पार खिमट झालं होतं.