गेली!

रविवार, रात्री पावणेबारा

सकाळी उठले तर आईचा व्हॉइस मेसेज येऊन पडला होता. "छान केलंय गं पोरीनं. झेंड्यांचे रंग तर किती सुरेख! पण तू मध्येच ओरडलीस का?"

मी ओरडले? मला काही आठवेना. काल माझ्या मोठ्या मुलीच्या कलर गार्डची स्पर्धा होती, म्हणजे संगीतावर झेंडे नि लाकडी रायफली फिरवत, फेकत नाचायचं. त्याचा व्हिडिओ मीच काढला आणि घरी आल्या आल्या मीच साताऱ्याला पाठवला, एकदाही नीट न बघता. चहा गॅसवर ठेवून ओट्यापाशीच तो कानाला लावला. संगीत हळू होतं तिथं मोठीची रायफल वर जाते, फिरते, हाताला चाटून निसटते. आणि ती जमिनीला लागायच्या आत माझा आवाज येतो. "गेली!" पतंग कटल्यावर ओरडतात तसा.

लागायच्या आत. दिवसभर एवढंच डोक्यात फिरतंय. आधी आवाज, मग लाकूड आपटल्याचा धप्प. म्हणजे मी बघत नव्हते, पडायची वाट बघत होते.

मोठीनं हा व्हिडिओ काल येताना गाडीत पाहिला होता. इअरफोन लावून, तीनदा तरी. मग "ओके" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, दमलीय.

आईला मी फोन केलाच नाही. केला असता तर तिनं पुन्हा तेच विचारलं असतं: बंदूक कशाला गं मुलींच्या हातात? दरवेळी सांगते, अगं लाकडाची आहे, ३६ इंची, पांढरी रंगवलेली, गोळी-बिळी काही नाही. लष्करी संचलनात ध्वजाबरोबर चालणारी तुकडी असते, तिथून आलंय हे. सैन्यातून परतलेल्यांच्या संघटना इथे अमेरिकेत गावोगावी पोरांची ढोल-बिगुल पथकं चालवायच्या, त्यांच्याबरोबर झेंडे आणि रायफली. पुढे हिवाळ्यात हीच मंडळी शाळांच्या बास्केटबॉल कोर्टवर शिरली, संचलनाचं नृत्य झालं. १९७७ साली या स्पर्धा घेणारी डब्ल्यूजीआय, म्हणजे विंटर गार्ड इंटरनॅशनल, स्थापन झाली, १९९३ पासून तालवाद्यांची पथकंही त्यात आली. आता एप्रिलमध्ये तिची सगळ्यात मोठी स्पर्धा डेटनला असते, सगळ्यांचे डोळे तिकडे. ओहायोतल्या आमच्या कोलंबसपासून गाडीनं जेमतेम सव्वा तास. आमच्या पथकाला ते अजून लांब आहे, ते राहू दे.

धाकट्याला झेंड्यांशी देणंघेणं नाही. तो काल फक्त ड्रमवाल्यांसाठी आला होता. सुरू व्हायच्या आधी ती मुलं पायानं ठेका धरत तोंडानं "डट, डट, डट, डट" करतात, आणि मग सगळे स्नेअर एकदम कडाडतात. तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, ताशा ऐकल्यावर येतो तसाच. गेले दोन दिवस जेवणाच्या टेबलावर डट डट चालू आहे. बाबा त्याला रागावले. मी नाही रागावले.

दुपारी मला फार वाईट वाटत होतं. रडले थोडी, कपड्यांच्या घड्या घालताना. जानेवारीपासून शुक्रवारची संध्याकाळ माझी नाही, शनिवार तर नाहीच. झेंड्यांच्या कडा मी शिवल्या, ते रेशमासारखं कापड मशीनखाली धरवत नाही, सुळकन निघून जातं. मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले नाही. कोर्टभर अंथरायचा तो छापलेला प्रचंड व्हिनाइलचा फ्लोअर, त्याच्या घड्या घालायला आम्ही पालकच. घड्याळ लावलेलं असतं, वेळेत बाहेर पडलं नाही तर गुण कापतात. वाकून, ओढून माझे गुडघे कामातून गेलेत. आणि एवढं करून मोठीच्या त्या पाच मिनिटांत माझं काय उरलं? एक शब्द.

हे लिहिलं आणि पुन्हा व्हिडिओ लावला. लावायला नको होता, पण लावला. या वेळी आवाज बंद करून.

आणि तेव्हा दिसलं. माझ्या ओरडण्यानंतर चित्रच नाही! हात तोंडाकडे गेला असणार, फोन खाली झुकलाय. बाकाची फळी, माझ्या बुटाची लेस, कुणाचा तरी सांडलेला पॉपकॉर्न. आठ-दहा सेकंद तेवढंच. फोन पुन्हा वर येतो तेव्हा मोठी रांगेत तिच्या जागेवर आहे, रायफल हातात, मान ताठ. मधलं काही नाही.

मधलं म्हणजे उचलणं. नेमकं तेच काल सरांनी मुलींना ऐकवलं होतं. इथे प्रत्येक परीक्षक बघता बघता बोलत असतो, ते रेकॉर्ड होतं आणि नंतर पथकाला मिळतं. काल बसकडे जाताना मोठी मैत्रिणीला सांगत होती, इक्विपमेंटच्या, म्हणजे झेंडे-रायफली कशा हाताळल्या ते बघणाऱ्या, परीक्षकाला तिचं उचलणं आवडलं. घाई केली नाही, मोजणी चुकू दिली नाही, पुढच्या फेकीला सगळ्यांबरोबर होती. पडली म्हणून ठरावीक गुण कापत नाहीत, पडल्यावर काय केलं तेही बघतात. हे मला ठाऊक आहे, तीन वर्षं ऐकतेय. तरी मी पाहिलं काय? बुटाची लेस.

शाळेत आम्ही लेझीम करायचो, २६ जानेवारीला. लेझीम हातातून सुटणं म्हणजे शरमेची गोष्ट. पी.टी.चे सर शिट्टी वाजवून सगळं थांबवायचे आणि जिची सुटली तिच्याकडे अख्खं मैदान बघायचं. माझी एकदा सुटली होती. घट्ट धरायचं, हेच शिकलो आम्ही. हिचं काम तर सोडणं आहे. चार फेरे वर, तोवर मोकळ्या हातानं खाली थांबायचं. मला ते थांबणं जमत नाही, पोटात गोळा येतो. येणारच. तो आता जाईल असंही वाटत नाही, या वयात. पण तोंड तरी मिटून ठेवता येईल.

संध्याकाळी ती अंगणात गेली, गाडीच्या रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारून. गॅरेजचं छत पुरत नाही. मी शाल घेऊन दारात उभी. आधी तिनं रायफलच्या टोकाची फाटलेली पांढरी टेप दातानं तोडून नवी गुंडाळली, अंगठ्यानं दाबून दाबून, एक सुरकुती राहू दिली नाही. तळहाताशी एक निळसर डाग आहे, कालचा. विचारावंसं वाटलं, ऐकलंस का गं तू? शब्द ओठांवर आले आणि तिनंच हाक मारली.

"आई, मोजशील? फोनची बॅटरी गेलीय. आठापर्यंत, परत एकपासून. आणि थांबू नकोस. पडली तरी."

"मराठीत मोजू?"

"कशातही."

मी मोजायला लागले. पाच, सहा, सात, आठ. एकला रायफल वर गेली, दिव्याच्या उजेडात फिरली, पांढरी. पहिल्या दोन्ही वेळा हातात आली, टाळी वाजावी तशी. तिसऱ्यांदा कोपराला लागून बर्फात गेली. माझ्या घशाशी तो शब्द आला होता. "पाच," मी म्हणाले. ती वाकली. "सहा." बर्फ झटकला. "सात. आठ."

एकला ती पुन्हा वर होती.